रुपया कुठे अडकला, आणि तो रुपयाच होता का?

मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १३ किलो, नांदेड जिल्ह्यातल्या कंधार-मुखेड पट्ट्यातल्या एका वस्तीवरचा. संध्याकाळी पाचच्या सुमारास घरात खेळताना ‘रुपया गिळला’, ही तक्रार घेऊन आजी आणि चुलता त्याला साडेसातला माझ्या दवाखान्यात घेऊन आले. आईबाप ऊसतोडीला गेलेले. दिवाळीनंतर गेलेले कोयते उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात, तोवर लेकरं आजीआजोबांच्या हवाली. त्यामुळे आमच्याकडे हिवाळ्यात लहान मुलाच्या आजाराची हकिकत बहुतेक वेळा आजीच्याच तोंडून ऐकावी लागते. आणि आजी नेमक्या त्या क्षणी चुलीपाशी असते. तिनं गिळताना पाहिलेलं नसतं, ठसका ऐकून वळून पाहिलेलं असतं.

इथेही तसंच. “ठसका लागला, डोळे पांढरे केले बगा. एक वकारी आली, मग रडाय लागलं. इचारलं तर म्हणतंय रुपया खाल्ला. मग म्या केळं चारलं. खाली सरकंल म्हणलं.” केळ्यामागून भाकरीचा कालाही भरवला होता. चुलत्यानं घशात बोट घालून बघितलं होतं, पण मुलानं ते चावल्यावर नाद सोडला होता. ते चावलं हे बरंच झालं. दिसत नसलेली वस्तू बोटानं चाचपायला गेलं की ती आणखी खाली ढकलली जाते, किंवा थेट श्वासाच्या वाटेवर येते.

मी पाहिलं तेव्हा मूल आजीच्या कडेवर निवांत होतं. लाळ गळत नव्हती, श्वासाला आवाज नव्हता, दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जात होती, मानेला सूज नव्हती. येताना रस्त्यात पाणी प्यायलं होतं आणि ते पोटात टिकलं होतं. म्हणजे मूल बरं दिसत होतं. पण अन्ननलिकेत नाणं अडकलेली कितीतरी मुलं बरीच दिसतात. लक्षणं नाहीत म्हणून नाणं पोटात गेलं असं धरता येत नाही.

तालुक्याच्या गावात संध्याकाळनंतर एक्स-रे मिळेलच असं नाही. त्या दिवशी मिळत नव्हता. एक्स-रे, भूल आणि दुर्बीण हे तिन्ही एकत्र असलेलं जवळचं ठिकाण नांदेड, रात्रीच्या रस्त्यानं दोन तासांच्या आसपास. अशा वेळी माझ्या टेबलाच्या खणातलं हातात धरायचं मेटल डिटेक्टर बाहेर येतं. मंदिराच्या दारात, मॉलच्या गेटवर सुरक्षारक्षक अंगावरून फिरवतो तेच. खास डॉक्टरांसाठी बनवलेलं काही नाही, काही हजारांत मिळतं.

यंत्र काय करतं

त्याच्या चपट्या भागात तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलता विद्युतप्रवाह जातो आणि वेटोळ्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात धातू आला की धातूच्या आत छोटे गोल प्रवाह फिरू लागतात. ते स्वतःचं क्षेत्र तयार करतात, यंत्राला तो फरक जाणवतो आणि ते वाजतं. हाडं, मांस, केळं, भाकरी यांचा त्याला पत्ता लागत नाही. किरण नाहीत, फिल्म नाही, मूल रडलं-हललं तरी बिघडत नाही.

एक्स-रे आणि हे यंत्र एकाच वस्तूकडे वेगळ्या नजरेनं बघतात. एक्स-रेला पदार्थ किती किरण अडवतो ते दिसतं, यंत्राला वीज किती सहज वाहते ते कळतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या पातळ वस्तू एक्स-रेत इतक्या पुसट येतात की नजरेतून सुटतात, आणि यंत्र मात्र त्यांच्यावर दणदणीत वाजतं. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तरी आमच्याकडच्या देवघरांत, धान्याच्या कणगीशेजारच्या डब्यांत ॲल्युमिनियमची दहा पैशांची, वीस पैशांची नाणी अजून निघतात. मुलाच्या हाताला ती लागतात. अशा वेळी एक्स-रे ‘स्वच्छ’ आला म्हणून मी तेवढ्यावर थांबत नाही.

नाण्यांच्या बाबतीत यंत्र किती भरवशाचं? २००५ साली ‘इमर्जन्सी मेडिसिन जर्नल’मध्ये याविषयीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. नाणं अंगात असेल तर ते पकडण्यात यंत्राचं यश ९९ टक्क्यांच्या वर होतं. हा आकडा नाण्यांचा आहे, टाचण्यांचा नाही. साडीची पिन, शिलाईची सुई, स्टीलचा बारीक स्क्रू यांत यंत्र अनेकदा चुकतं. वस्तू लहान आणि बारीक, आणि मूल अंगानं जाड असेल तर आणखीच.

किरणोत्सर्गाबद्दलही इथेच बोलून टाकतो, कारण ‘एक्स-रे नको, पोराला किरणं लागतील’ हे वाक्य मला रोज ऐकू येतं. छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असेही मिळतातच. एका फिल्मला घाबरण्यात अर्थ नाही. यंत्राचा खरा उपयोग वेगळा आहे: जिथे एक्स-रेच नाही तिथे काहीतरी ठरवता येणं, आणि नाणं पुढे सरकलं का हे बघायला पुन्हा पुन्हा फिल्म काढावी न लागणं.

तपासणी

पहिली तयारी मुलाची. कमरेला करदोडा आणि त्यात चांदीची बारकी पेटी, पायात वाळे, कानात बाळी, गळ्यात तांब्याचा ताईत, स्वेटरला आतून लावलेली सेफ्टी पिन, चड्डीला लोखंडी बटण. यातलं काहीही अंगावर राहिलं तर यंत्र त्याच्यावरच वाजत राहणार. करदोडा कापायला आजी तयार होईना. कापायचा नसतो, सोडायचा असतो. गाठ पाण्यानं भिजवून, नखानं उकलून तिनं तो सोडला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला. कानातली बाळी तेवढी राहू दिली, ती छातीपासून लांब असते.

दुसरी तयारी जागेची. माझं तपासणीचं टेबल लोखंडी आहे, त्यामुळे मुलाला लाकडी बाकावर उभं केलं आणि मी मनगटावरचं घड्याळ काढलं. ही खबरदारी जुनीच आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या अंगातली बंदुकीची गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन गेले होते. एक्स-रेचा शोध १८९५चा, म्हणजे दुसरा उपायही नव्हता. गोळी काही सापडली नाही, आणि पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारांवर पुढे बोट ठेवलं गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्याची ही कथा, तर आमच्या ग्रामीण खाटांचं काय सांगावं.

तिसरी तयारी यंत्राची. आजीनं सांगितलं होतं, नवा छोटा रुपया. तसाच एक माझ्या खणात होता. तो माझ्या हाताच्या पंज्यामागे, मग दंडामागे धरून यंत्र किती अंतरावरून वाजतं ते पाहिलं. ज्या नाण्याचा संशय आहे तेच नाणं यंत्राला आधी ‘दाखवल्याशिवाय’ मी पुढे जात नाही.

मग हनुवटीपासून जांघेपर्यंत, अंगापासून बोटभर अंतर ठेवून, आधी पुढून, मग पाठीवरून, मग दोन्ही कुशींतून. मानेवर शांत. छातीच्या वरच्या भागात शांत. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक, म्हणजे जिथे बरगड्यांची कमान जुळते, तिथे यंत्र वाजलं. पाठीमागून त्याच पातळीवर पुन्हा वाजलं. पोटावर काही नाही.

अन्ननलिकेत वस्तू अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: घशाच्या लगेच खाली, महाधमनी जिथे अन्ननलिकेला ओलांडून जाते तिथे, आणि जठराच्या तोंडाशी. नाणी सर्वांत जास्त पहिल्या जागी अडकतात. इथला आवाज तिसऱ्या जागेचा होता, आणि पंचाईत अशी की यंत्राची सगळ्यात डळमळीत जागाही हीच. जठराचा वरचा फुगीर भाग डाव्या बरगड्यांच्या आत असतो. हाडाच्या टोकाशी वाजणारं नाणं अन्ननलिकेच्या शेवटच्या इंचात असू शकतं किंवा जठरात उतरलेलंही असू शकतं. म्हणून नियम असा की आवाज या टोकाच्या स्पष्ट खाली आला तरच नाणं पोटात धरायचं. टोकाशी किंवा वर आला तर एक्स-रे हवाच.

वस्तू कोणती

आवाजावरून जागा कळली. वस्तू कळली नाही. यंत्राला रुपया आणि बटणासारखा सेल यांत फरक करता येत नाही, दोन्हीवर ते सारखंच वाजतं. २०१९ पासून आलेला रुपया २० मिलिमीटर व्यासाचा आहे. बारक्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत असणारे सीआर २०२५ आणि सीआर २०३२ हे लिथियमचे सेलही बरोबर २० मिलिमीटरचेच. साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन्ही चकचकीत, गोल आणि ‘रुपया’.

फरक वेळेचा आहे. लक्षणं नसलेल्या मुलाच्या अन्ननलिकेतलं नाणं १२ ते २४ तास थांबू शकतं. तोच सेल असेल तर तो ओल्या भिंतीला चिकटून वीज वाहवतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते, आणि दोन तासांत भिंत भाजू लागते. पुढे भोक पडू शकतं, श्वासनळीपर्यंत किंवा मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जाऊ शकतं. मूल माझ्याकडे आलं तेव्हाच गिळून अडीच तास झाले होते.

म्हणून यंत्र खाली ठेवून विचारायला बसलो. मूल कशाशी खेळत होतं? चिल्लरच्या डब्याशी. डब्यात काय काय असतं? आजी म्हणाली, चिल्लरच. चुलता म्हणाला, कायबी असतंय. त्याच्या मोबाइलवरून घरी व्हिडिओ कॉल लावला. चुलतीनं बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा विजेच्या दिव्याखाली गोधडीवर पालथा केला. रुपये, दोनची-पाचची नाणी, साडीच्या पिना, डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, एक किल्ली. आणि एक पातळ पांढरा रिमोट. महालक्ष्म्यांच्या आरासीला रंगीत एलईडीची माळ आणली होती, तिचा.

या रिमोटला स्क्रू नसतो. खालच्या कडेला नखाएवढी खाच असते, ती ओढली की सेलसकट पट्टी बाहेर येते. चार वर्षांच्या मुलालाही जमतं. “ताई, खालची पट्टी ओढा बरं. हळू. आता कॅमेऱ्याजवळ धरा.” पट्टीत सेल जागेवर होता, वरचं अधिकाचं चिन्ह आणि २०२५ हा आकडा वाचता आला. दुकानदारानं जास्तीचा सेल दिला होता का? नाही. घरात वजनकाटा, गाणारं खेळणं, जत्रेतली लुकलुकणारी अंगठी? माळेगावच्या जत्रेतून आणलेला दिव्याचा भोवरा होता, तोही शोधायला लावला. त्याचं झाकण स्क्रूनं बंद होतं आणि तो पेटत होता.

लोहचुंबकाचं विचारायचं राहू नये. मुलानं दोन चुंबक गिळले तर यंत्र दोन आहेत असं सांगत नाही. ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना धरतात आणि मधली भिंत दाबून मारतात. घरात चुंबक नव्हते.

सेल गेला असता तर काय केलं असतं, तेही लिहून ठेवतो. तडक गाडी. मूल वर्षाच्या वरचं आहे, गिळून बारा तास झालेले नाहीत आणि गिळता येतंय, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलभोवती लेप धरतो आणि भाजण्याचा वेग कमी करतो. वर्षाच्या आतल्या मुलाला मध द्यायचा नाही. मध आणायला म्हणून कुठे थांबायचंही नाही. उलटी करवणं दोन्ही बाबतींत वर्ज्य.

रात्र आणि सकाळ

आता वस्तू बहुधा नाणंच, जागा संशयाची, मूल शांत. चुलत्यानं विचारलं, “मग सायेब, सकाळी नेलं तर चालंल का? रातीचं गाडीचं बगावं लागंल.” त्याचा प्रश्न रास्त होता. आवाज बेंबीच्या आसपास आला असता आणि नाणं नक्की असतं, तर मी त्यांना घरीच पाठवलं असतं. यंत्रामुळे वाचणारी फेरी ती. इथे तसं नव्हतं. वस्तीवर मध्यरात्री लाळ गळायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर तेव्हा गाडी कुठून आणणार? रात्रीच जा म्हणालो, आणि आता तोंडावाटे काही देऊ नका.

केळं आणि काला इथे आडवे आले. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून तातडी नसेल तर हलक्या खाण्यानंतरही सहा तास थांबतात. सेल असता तर कुणी सहा तास मोजत बसलं नसतं. नाण्यासाठी थांबणं परवडतं. आजीला यावरून बोलण्यात अर्थ नव्हता, तिनं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय केला होता.

नांदेडच्या रुग्णालयाला आधी फोन केला. दहाच्या सुमारास समोरून आणि बाजूनं अशा दोन फिल्म निघाल्या. नाणं अन्ननलिकेच्या अगदी खालच्या टोकाला होतं. कड एकेरी आणि स्वच्छ. सेल असता तर समोरून दुहेरी कडं दिसतं, बाजूनं पायरी दिसते. तसं काही नव्हतं. यानंतरच मी ‘बहुधा’ हा शब्द सोडला.

तिथल्या भूलतज्ज्ञांशी बोलून ठरलं की सलाइन लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी दुर्बिणीनं काढायचं. अन्ननलिकेत अडकलेल्या नाण्यांपैकी साधारण चारातलं एक ८ ते १६ तासांत आपोआप खाली उतरतं, आणि खालच्या टोकाशी असलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. म्हणून मी एक विनंती केली: भूल देण्याआधी पुन्हा एकदा यंत्र फिरवा. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे होतं. ते स्पिरिटनं पुसून, आधी एका रुपयावर वाजवून बघून सकाळी सातला मुलाच्या अंगावरून फिरवलं. छाती पूर्ण शांत. डाव्या बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात आवाज.

त्यांनी एक फिल्म पुन्हा काढली, आणि ते योग्यच केलं, कारण दुर्बीण रद्द करायची तर त्याची खात्री हवी. नाणं जठरात होतं. भूल टळली. दुपारी वरणभात खाऊन मूल घरी निघालं.

पुढे

जठरात पोचलेलं २० मिलिमीटरचं नाणं बहुतेक आठवडा-दोन आठवड्यांत शौचावाटे निघून जातं. २५ मिलिमीटरच्या वरची नाणी, जसं दहाचं आणि वीसचं, लहान मुलांत जठराच्या खालच्या दारापाशी अडू शकतात. त्यांच्यावर लक्ष जास्त. दोन ते चार आठवडे होऊनही जठरातून हललं नाही तर दुर्बिणीनं काढतात. पोटदुखी, उलट्या, काळी शी यांपैकी काही झालं तर बाजाराची वाट न बघता यायचं, असं बजावलं होतं. बाकी नेहमीचं जेवण. जुलाबाचं औषध नाही.

आजी आठवडी बाजाराला तालुक्याला येतेच, तेव्हा मुलालाही घेऊन ये म्हटलं. पहिल्या बाजारी आवाज बेंबीच्या उजव्या बाजूला, खाली. पुढच्या बाजारी हनुवटीपासून जांघेपर्यंत, पुढून-मागून, कुठेच नाही. यंत्र बिघडलं नाही ना म्हणून मध्येच खणातल्या रुपयावर वाजवून पाहिलं. फिल्म काढली नाही.

शी काडीनं फोडून बघा असं सांगितलं होतं. आजीनं सुरुवातीला बघितली, मग लेकरू रानात जायला लागल्यावर बघायचं राहिलं. त्यामुळे नाणं बाहेर पडलेलं कुणी पाहिलं नाही. आधी याच मुलात त्याच जातीच्या नाण्यावर यंत्र स्पष्ट वाजलं होतं, दर खेपेला आवाज खाली सरकत गेला होता आणि मग थांबला. एवढ्यावर मी प्रकरण बंद केलं. गिळलेली वस्तू साडीची पिन असती, तर हीच शांतता मी मान्य केली नसती आणि त्याला एक्स-रेला पाठवलं असतं.